लेक माझ्याकडे येईना

माझी लेक माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली तेव्हा ती तिच्या आजोळी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बायको सातव्या महिन्यातच चितेगावच्या पुढे असलेल्या आपल्या गावी गेली होती आणि मी दर सुट्टीला मोटारसायकलवर तिकडे फेरी मारायचो. लेक झोळीत पडलेली होती. मी वाकून बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसली. मी सासूबाईंना हाक मारून सांगितलं की हिनं मला ओळखलं. सासूबाई म्हणाल्या, "व्हय, हसती ती. सकाळधरनं पंख्याकडं बघून बी हसायलीय."

मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तयार झालेल्या सुट्या भागांमधली खोट शोधायची, नापास माल बाजूला काढायचा, हे माझं काम. बायकोचं म्हणणं असं की हे काम मी घरीही घेऊन येतो. असेल. पुढच्या सुट्टीला मी पंखा बंद करून बघितला. लेक माझ्याकडे बघून हसली, मग बंद पंख्याकडे बघूनही हसली, मग भिंतीवरच्या पालीकडे बघून तर खिदळलीच. तरीसुद्धा माझ्याकडे बघून हसते ते हसू वेगळं आहे, असं मी कंपनीत सगळ्यांना सांगत होतो.

पुढे पावसाळ्यात कामाचा रेटा वाढला, माझ्या सुट्ट्या हुकत गेल्या, आणि भेट म्हणजे व्हिडिओ कॉल एवढंच उरलं. त्यात ती मला बघण्यापेक्षा मोबाइल चाटण्यातच रमायची. थंडी सुरू झाली तेव्हा माझा मेहुणा दोघींना घेऊन गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटवर आला. लेक तोवर रांगायला लागली होती आणि मेहुण्याच्या कडेवर अशी ऐटीत बसली होती की तो तिचा बाप आणि मी रिक्षावाला. माझी आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मी दोन्ही हात पसरून पुढे झालो.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मग मामाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा खालचा ओठ हळूच बाहेर आला, थरथरला, आणि मग तिनं जे भोकाड पसरलं त्यानं वरच्या मजल्यावरच्या लोकांनी दार उघडलं. मी हात मागे घेतले तर ती थांबली. पुढे केले तर पुन्हा सुरू. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही जरा बाजूला व्हा ना." माझ्याच दारात मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी झालोही.

तेव्हापासून मला जगात एकच गोष्ट हवी होती. माझ्या लेकीनं आपणहून माझ्याकडे यावं. पगारवाढ नको होती, बढती नको होती. कुणी म्हणेल यात काय एवढं, पण आपलंच मूल आपल्याला बघून आईच्या पदरात तोंड लपवतं तेव्हा काय वाटतं, ते ज्याचं त्याला कळतं. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं म्हणून मी मेहुण्यावर काढला. त्याला जेवायला थांबा म्हटलं नाही. तो थांबलाच.

आईनं लगेच निदान केलं. दृष्ट लागली. तिनं मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, लेकीवरून उतरवल्या आणि गॅसवर तवा ठेवून त्यात टाकल्या. आमच्याकडे या तपासणीचा नियम असा की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. फ्लॅटला खिडक्या इनमीन, त्यामुळे मी खोकलो, बायको खोकली, मेहुणा ताटावरून उठून गॅलरीत गेला, लेक शिंकली. आईला मात्र काहीच झालं नाही. चुलीच्या धुरात जन्म गेलेल्या बाईला मिरचीचा ठसका लागणार कसा? पण निकाल तिच्याच नाकावर होता.

"बघ, कायबी वास नाय," आई म्हणाली. "लई जबर दृष्ट हाय."

मग ती कुणाची, याचा शोध सुरू झाला. प्रवासात कोण भेटलं, कुणी बघितलं, कुणी कौतुक केलं, हे सगळं बायकोला विचारून झालं. शेवटी आईचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. "तुझीच लागती," ती म्हणाली. "मायबापाची नजर लई वंगाळ असती लेकराला. आल्यापासून कसा टक लावून बघायला तू. बघत जाऊ नको तिच्याकडं."

म्हणजे ज्या लेकीसाठी मी महिनोन्‌महिने झुरलो, तिच्याकडे बघायलाच मला बंदी. मी चिडलो, म्हणालो की हा कसला वेडेपणा. पण आमच्या घरात आईचा हुकूम आणि लेकीचं रडणं एका बाजूला पडल्यावर माझ्या बाजूला कुणी उरलं नाही. मी चोरून बघायला लागलो. वर्तमानपत्राच्या कडेवरून, आरशातून, फ्रिजच्या चकचकीत दारातून. तिला नेमकं कळायचं. चोरून बघणाऱ्या माणसाचा चेहरा चोरासारखाच होतो, त्यामुळे ती आणखी घाबरायची.

उपाय मी काय कमी केले? मेहुणा घरी शेळ्या पाळतो आणि शेळीचा आवाज हुबेहूब काढतो, त्यावर लेक खूश असायची. मी तो आवाज शिकलो. सोसायटीत जिन्यात सराव केला. पहिल्या मजल्यावरच्या खालाजान दार उघडून म्हणाल्या, "क्या बेटा, बकरा लाए क्या? ईद तो दूर है अभी." लेकीसमोर तोच आवाज काढला तर तिनं क्षणभर मामाला शोधलं, तो दिसेना म्हणून आणखी जोरात रडली.

मग मला वाटलं, व्हिडिओ कॉलवर तर ती मला बघून हसायची. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि हॉलमध्ये बसलेल्या बायकोला कॉल लावला. लेक मोबाइल बघून आनंदानं हात हलवायला लागली. मी तिच्याशी पोटभर बोललो. तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली आणि म्हणाली, "घरातल्या घरात काहून फोन लावतो रं? पैसे वर आले का?" मी कॉल बंद करून बाहेर डोकावलो. लेक बंद पडलेल्या काळ्या पडद्याकडे बघूनही तितकीच हसत होती. ओळख माझ्याशी नव्हती, मोबाइलशी होती.

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतंच. आधी तिला सगळे सारखे होते म्हणून ती सगळ्यांना हसायची. आता तिला आपलं कोण आणि परकं कोण ते कळायला लागलंय, ही हुशारीची खूण आहे. मी म्हणालो, हुशार आहे ते ठीक, पण मी परक्यांत गेलो त्याचं काय? त्यावर काही औषध? डॉक्टर हसले आणि म्हणाले, वेळ द्या. मी दोन पाळ्यांमध्ये फिरणारा माणूस, माझ्याकडे नेमकी तीच गोष्ट नव्हती.

आणि मग मला मिशी सुचली.

मामाला मिशी नाही, आईला नाही, आज्यांना नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि डॉक्टरांकडे ती सुई टोचेपर्यंत गप्प होती. मिशी फक्त मला. खोट सापडली की ती काढून टाकायची, याची मला सवयच. कॉलेजापासून तेलपाणी घालून वाढवलेली मिशी मी एका सकाळी बाथरूममध्ये उतरवली, तोंड धुतलं आणि हसत बाहेर आलो.

आई हॉलमध्ये तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि ताट मांडीवरून खाली गेलं. तांदूळ सोफ्याखालपर्यंत पसरले.

"अरं, काय केलंस हे?" ती म्हणाली. "बाप जित्ता हाय ना तुझा गावाकडं."

आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ते बाप गेल्यावर. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण हातात वस्तरा असताना माझ्या डोळ्यासमोर फक्त लेक होती. ती रांगत आली, तिनं मला खालून वर न्याहाळलं. मी आशेनं श्वास धरून उभा राहिलो. मग तिनं एकदम नव्या सुरात रडायला सुरुवात केली. आधीचा माणूस नकोसा असला तरी रोजच्या बघण्यातला होता, हा कोण तिसराच घरात शिरला होता. तिकडे आईनं गावाकडे फोन लावला. दादा, म्हणजे माझे वडील, मोबाइल घरी ठेवून शेतात गेलेले. फोन कुणी उचलेना म्हणून आईच्याही डोळ्यांना पाणी लागलं. घरात दोघी रडत असताना मी डबा उचलला आणि दुपारपाळीची बस पकडली.

बसमध्ये माझ्या डोक्यावर कंपनीची टोपी होती, त्यामुळे डोक्याचं मुंडण केलंय की नाही ते कुणाला दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त गेलेली मिशी आणि खाली सुतकी चेहरा. चेहरा लेकीमुळे तसा झाला होता, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारी बसणारा सोबती रोज तंबाखू मळता मळता माझं डोकं खातो, त्या दिवशी गप्प बसला आणि उतरताना त्यानं माझा डबा उचलून घेतला. कामावर साहेब म्हणाले, जमेल तेवढंच करा, बसून करा. न मागता चहा आला. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. मला भरून आलं. मला वाटलं, लेक बापाकडे येत नाही याचं दुःख या लोकांना समजतं. सगळे बाप आहेत, शेवटी कळतंच एकमेकाला. इतकी वर्षं आपण या लोकांना नावं ठेवली, असंही वाटलं.

संध्याकाळी दादांचा फोन आला.

"मी मेलो म्हणं," दादा म्हणाले.

सोबत्यांपैकी एक जण आमच्या शेजारच्या गावचा. त्यानं बिचाऱ्यानं आपल्या घरी कळवलं, घरच्यांनी आमच्या भावकीत कळवलं, आणि दादा ज्वारीला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी घरी आले तर ओट्यावर बाया जमून रडत होत्या. दादांना बघून एक चुलती किंचाळली आणि दुसरीला चक्कर आली. "पाहुणे निघालेत गावोगावचे," दादा म्हणाले. "त्यांचा चहा कोन करायचा? तुझी माय तिकडं, आन मी मेलेला."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच वेरूळकडून येणाऱ्या बसनं आले, आपण जिवंत आहोत हे मला समक्ष दाखवायला. पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि नाकाखाली माझ्या मिशीच्या दुप्पट मिशी. लेक हॉलच्या मधोमध स्टीलची वाटी आपटत बसली होती. बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि मान हलवून मला खुणावलं की आता ही रडणार. मलाही तीच आशा होती. खोटं कशाला बोलू, मला सोबत हवी होती.

दादांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सोफ्यावर बसून त्यांनी माझी हजेरी घ्यायला सुरुवात केली. शिकून असा कसा राहिलास, भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, तुझ्या आजानं अमुक, तुझ्या चुलत्यानं तमुक. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. वाटी खाली ठेवली. रांगत त्यांच्या पायापाशी गेली, धोतर धरून उभी राहिली. दादांनी माझ्यावरची नजर न काढता तिला उचलून मांडीवर घेतलं आणि बोलणं चालूच ठेवलं. तिनं हात वर केला, त्यांची मिशी मुठीत पकडली आणि खदखदून हसली.

"अक्कल गहाण ठेवली का तू?" दादा मला म्हणत होते, एका बाजूनं मिशी ओढली जात असल्यामुळे वाकड्या तोंडानं. मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांचा हेवा वाटला, स्वतःच्या बापाचा, आणि त्याची लाजही वाटली.

दादा संध्याकाळच्या बसनं परत गेल्यावर मी बायकोला म्हणालो की त्यांच्यात असं काय आहे, सांग तरी. बायको भाजी चिरत होती. म्हणाली, "त्यांच्यात काही नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते तुम्हाला रागवायच्या नादात होते. तुम्ही घरात आलात की तिच्या अंगावरच जाता, हात पसरून, डोळे मोठे करून, बकरीचा आवाज काढत. अहो, मलासुद्धा भीती वाटते."

मी त्यावर बराच वेळ रुसून बसलो. पण सुट्टीच्या दिवशी, पहिल्यांदाच, आईची बंदी मी मनापासून पाळायची ठरवली. दादांनी आणलेल्या शेंगा परातीत ओतल्या आणि हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून फोडत बसलो. लेक मागे कुठेतरी खेळत होती. मी वळून बघितलं नाही. हे किती अवघड आहे ते करून बघा. मान आखडली, पाठीला मुंग्या आल्या, एक शेंग फोडताना दाणा सोडून टरफलच तोंडात टाकलं.

लेकीच्या बांगड्यांचा आवाज जवळ आला. थांबला. पुन्हा आला. परातीच्या कडेवर एक हात दिसला, मनगटात काळ्या मण्यांची बांगडी. तिनं एक टरफल उचललं, ते तोंडात घालायच्या आधी मी हळूच काढून घेतलं, तिच्याकडे न बघता. आता रडणार, असं वाटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत असणार, मला जाणवत होतं. मग तिनं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे बायको पोळीचं लाटणं हातात धरून उभी होती. बायकोनं नुसतं हसून मान हलवली. घाबरायचं कारण आहे का, हे लेकीनं आईच्या तोंडावर वाचून घेतलं होतं. माझ्या तोंडावर तिचा अजून भरवसा नव्हता.

मग माझ्या गुडघ्यावर वजन आलं. तिनं दोन्ही हात टेकवले, पाय ओढला, सरकली, आणि मांडीवर चढून बसली. तिचा हात वर आला आणि माझ्या नाकाखाली, जिथे खुंट वाढायला लागले होते, तिथे फिरला. तिला ते टोचलं असावं. तिनं हात काढून बघितला, पुन्हा ठेवला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी तसाच भिंतीकडे बघत शेंगा फोडत राहिलो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो कुणाला दाखवायचीसुद्धा सोय नव्हती.

आई देवळातून आली, तिनं आम्हा दोघांना बघितलं आणि लगेच मिरच्या आणायला गेली. म्हणाली, आता तर नक्कीच लागायची.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी ती यायची, कधी ओठ काढायची. पाळी बदलून मी आठवडाभर फक्त झोपलेला दिसलो की पुन्हा दोन दिवस परका. पण मी घाई करणं सोडलं होतं. घरात आलो की आधी शेंगा, नाहीतर लसूण, नाहीतर वर्तमानपत्र. तिच्या मनात आलं की ती यायची. मिशीही परत आली.

मग एका सकाळी पहिल्या पाळीसाठी मी दारात बसून बूट घालत होतो. लेक रांगत आली आणि तिनं एका बुटावर हात ठेवला. मी तो हळूच सोडवला, उठलो, दार उघडलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला. तो ओठ मला तोंडपाठ होता. ती रडली, आणि रडताना तिनं दोन्ही हात वर केले, माझ्याकडे. मी बघतच राहिलो. बायकोनं तिला उचललं आणि म्हणाली, "जा तुम्ही, बस जाईल. होईल ती गप." आणि दार लावलं.

मी जिना उतरलो. खरं सांगतो, मला गुदगुल्या होत होत्या. इतके दिवस ती मी आलो म्हणून रडायची, आज मी चाललो म्हणून रडत होती. पहिल्या मजल्यापर्यंत आवाज येत होता आणि मी हसत उतरत होतो. गेटपर्यंत पोचलो आणि आवाज थांबला. एकदम थांबला. माझं तोंड उतरलं. इतक्यात विसरली? कंपनीत कुणी गेलं तरी माणसं यापेक्षा जास्त वेळ हळहळतात. कोपऱ्यावर बसचा हॉर्न ऐकू येत होता. मी पुन्हा जिना चढलो.

दाराशी जाऊन कान लावला. आत ती रडत नव्हती, हुंदके देत होती, रडून दमल्यावर येतात तसले. बायको म्हणत होती, "येतील गं ते. संध्याकाळी येतील." मग दाराच्या आतून, अगदी खालून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर थप थप आवाज आला. ती दारावर हात आपटत होती. मी तिच्यासमोर नव्हतो. माझा आवाज नव्हता, वास नव्हता, शेंगा नव्हत्या. तरी मी दारापलीकडे कुठेतरी आहे, हे तिनं मनात धरून ठेवलं होतं, आणि तिला मी हवा होतो. मी खाली बसलो. जायला पाहिजे हे मला कळत होतं. मी तिच्या हाताच्या अंदाजानं बाहेरून एकदा, अगदी हळू, थाप मारली.

आत हुंदका मध्येच थांबला. मग तिनं पहिल्यापासून, पूर्ण ताकदीनं भोकाड पसरलं.

"अहो," बायको आतून म्हणाली, "तुम्ही अजून तिथंच आहात का?"

मी तिथंच होतो.